‘इतकी वर्षं गप्प का होतीस?’ हा प्रश्न आम्हीही विचारला आहे

सप्टेंबर २०१८ च्या शेवटी तनुश्री दत्ता यांनी एका मुलाखतीत नाना पाटेकर यांचं नाव घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या नाक्यावरच्या टपरीवर निकाल लागला सुद्धा. नाना असं करणारच नाही. का करणार नाही? तर ‘नाम’ काढून त्यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली. ते साधे राहतात. ते आपले मराठी. आणि ती? ती परप्रांतीय, सिनेमात तोकडे कपडे घालणारी, अमेरिकेत जाऊन राहिलेली, आता काम मिळत नाही म्हणून परत आलेली. वर शेवटचा, सगळ्यांना बिनतोड वाटणारा सवाल : इतकी दहा वर्षं गप्प का होती?

गप्प नव्हती. २००८ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’च्या सेटवर प्रकार घडल्याचं तिने तेव्हाच सांगितलं होतं. कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे तक्रार केली होती. तिच्या गाडीवर जमाव तुटून पडला त्याचं चित्रीकरण आहे, ते २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. आणि याच संघटनेने दहा वर्षांनी कबूल केलं की त्या वेळी लैंगिक छळाच्या मूळ तक्रारीला आम्ही हातच घातला नव्हता. म्हणजे बाई बोलली होती, ऐकणारे बहिरे होते, आणि बहिऱ्यांनीच पुढे तिला मुकी ठरवलं.

नाना पाटेकर यांनी आरोप नाकारले. २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला. त्या दिवशी सेटवर काय घडलं याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. आमचं भांडण टपरीशी आहे. त्या टपरीवर एकानेही तक्रार वाचली नव्हती, तरी प्रत्येकाला निकाल ठाऊक होता. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या टपरीवर निळा गमछा गळ्यात असलेले आमचे चार कार्यकर्ते होते. तेही हसत होते.

याच २०१८ सालात सहा महिने आधी आम्ही रस्त्यावर होतो. २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ॲट्रॉसिटी कायद्याला लगाम घातला. आधी प्राथमिक चौकशी, मग गुन्हा. अटकेआधी वरिष्ठांची परवानगी. कारण काय, तर कायद्याचा गैरवापर होतो, निर्दोष सुटणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. २ एप्रिलला भारत बंद झाला, उत्तरेत आपली पोरं जीवानिशी गेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात १८-अ कलम घालावं लागलं आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले.

त्या दिवसांत आम्ही चौकाचौकात काय सांगत होतो? आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती असं नसतं. फिर्यादी गावाबाहेर राहतो, आरोपी पाटलाच्या वाड्यात. साक्षीदाराला त्याच्याच शेतावर मजुरीला जायचं असतं. पोलीस आधी फिर्याद घेत नाहीत, घेतली तर कलमं लावत नाहीत, लावली तर पंचनामा असा करतात की वकिलाला पाच मिनिटं पुरतात. आणि उशीर? उशीर तर होणारच, माणूस आधी जगायचं बघतो, मग ठाण्याची पायरी चढतो. हे सगळं आम्ही घसा बसेपर्यंत सांगितलं.

मग ऑक्टोबरात बायका बोलू लागल्या आणि आमच्याच तोंडून बाहेर पडलं : गैरवापर होतो. उशीर का केला. पुरावा काय.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारल्यानंतर सुरुवातीला काय छापून आलं होतं? अनैतिक संबंधातून गावाचा राग. सुरेखाताईंच्या चारित्र्यावर चिखल उडवून गावाने आपले हात धुतले आणि छापणाऱ्यांनी ते छापलं. पुढे खटल्यात खून सिद्ध झाले, पण ॲट्रॉसिटीचं कलम न्यायालयांनी मान्य केलं नाही. बाईच्या चारित्र्याचा पंचनामा आधी आणि प्रेताचा नंतर, ही रीत कुणाची आहे हे आम्हाला दुसऱ्याने शिकवायला नको.

आता आमच्या घरातली गोष्ट. लिहावी की नाही यावर आम्ही बरेच दिवस घालवले.

तनुश्री प्रकरणाच्या दोन वर्षं आधी एप्रिलमध्ये आमच्या मंडळाच्या जयंतीला एक नामांकित शाहीर आले होते. नाव घेत नाही. ते स्टेजवर उभे राहिले की मैदान पुरत नाही, म्हाताऱ्या बाया त्यांच्या गाण्यावर रडतात, आम्हीही रडलो आहोत. कार्यक्रम संपायला रात्रीचे साडेबारा झाले. आमची एक कार्यकर्ती होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, सूत्रसंचालन तिनेच केलं होतं. तिचं घर शाहिरांच्या वाटेवर. ‘साहेब, हिला वाटेत सोडाल का?’ असं आम्ही विचारलं आणि तिला गाडीत बसवून दार आम्हीच लावलं.

आठ दिवसांनी ती विहारात आली. आम्ही तिघं जुने कार्यकर्ते बसलो होतो. गाडीत काय झालं ते तिने सांगितलं. थोडक्यात, मान खाली घालून सांगितलं. आणि आमच्यातल्या एकाने पहिला प्रश्न केला तो असा : ‘तू त्या गाडीत बसलीसच कशाला?’

ती आमच्याकडे नुसती बघत राहिली.

दुसरा प्रश्न : आठ दिवस गप्प का होतीस? तिसरा : कुणी पाहिलं का? आणि मग समजावणी सुरू झाली. बाहेर गेलं तर मनुवादी हसतील. चळवळ बदनाम होईल. त्यांचं केवढं काम आहे समाजासाठी. शेतकऱ्यांच्या मदतीच्या जागी समाजप्रबोधन घाला, बाकी वाक्य टपरीवरचंच.

आमच्या भीतीला काहीच आधार नव्हता असं आम्ही म्हणत नाही. त्याच २०१६ च्या जुलैमध्ये कोपर्डीचं भीषण प्रकरण झालं. आरोपी आपल्यातले निघाले आणि त्या मुलीसाठी न्याय मागणाऱ्या लाखोंच्या मोर्च्यांत ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी आली. तीन माणसांच्या गुन्ह्याची पावती अख्ख्या समाजाच्या नावाने फाडली गेली. त्या तिघांना २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, त्यावर आपल्या वस्तीत कुणी ब्र काढला नाही. पण वरच्या जातीतल्या नामांकित माणसावर आरोप झाला तर तो त्याच्या जातीवर सोडाच, त्याच्यावर सुद्धा पडत नाही, हवेत राहतो. हा फरक आम्ही रोज भोगतो. म्हणून आमचे लोक कुंपण घालतात. पण त्या कुंपणाच्या आत कोण अडकलं? शाहीर तर बाहेर मोकळे फिरत होते.

पोरीची आई आली दोन दिवसांनी. धुणीभांडी करणारी बाई, चार घरची कामं. ती भांडली नाही. म्हणाली, ‘भाऊ, मी वीस वर्षं साहेबलोकांच्या घरात काम करते. तिथं माझ्याबरोबर काही झालं तर माझं कोण ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी तशी वागते, दार उघडं ठेवून काम करते. इथं पोरीला मी दार उघडं ठेवायला शिकवलं नव्हतं.’

त्या बाईचं बोलणं ऐकून आम्हाला २००९ चं प्रकरण आठवलं. अभिनेता शायनी आहुजाला घरकाम करणाऱ्या मुलीवर बलात्काराच्या आरोपात अटक झाली तेव्हा बंगल्या-फ्लॅटांतली चर्चा कशावर होती? कामवाल्यांपासून मालकांनी कसं सावध राहावं यावर! पुढे ती मुलगी न्यायालयात आपल्या जबाबावरून फिरली. का फिरली हे तिलाच ठाऊक. पण लोकांनी तत्काळ ‘बघा, खोटं होतं’ म्हणून टाळ्या पिटल्या. २०११ मध्ये जलदगती न्यायालयाने वैज्ञानिक पुराव्यावर त्याला दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली, अपिलात जामीनही मिळाला. शिक्षेची बातमी आमच्या भागात फारशी कुणाच्या लक्षात नाही. ‘बाई फिरली’ हे मात्र सगळ्यांना पाठ आहे. तनुश्री दत्ताला निदान कॅमेरे मिळाले. कामवालीला ते मिळाले ते आरोपी नट होता म्हणून, एरवी तेही नाही.

‘मी टू’ हे शब्द अमेरिकेत २००६ पासून वापरत होत्या त्या तराना बर्क, एक काळी कार्यकर्ती, गरीब काळ्या मुलींमध्ये काम करणारी. जगाने ते ऐकले ते २०१७ मध्ये हॉलिवूडच्या नट्यांनी उच्चारल्यावर. आपल्याकडे २०१७ मध्येच राया सरकार यांनी विद्यापीठांतल्या नामवंत प्राध्यापकांची यादी जाहीर केली, तेव्हा प्रस्थापित स्त्रीवाद्यांनी यादी मागे घ्या, रीतसर प्रक्रियेने जा असा सल्ला दिला. त्यातली चिंता सगळीच खोटी नव्हती. पण ज्यांना प्रक्रियेच्या दारातच उभं केलं जातं त्यांना प्रक्रियेचा पत्ता सांगणं सोपं असतं.

आणि ही प्रक्रिया तरी आली कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी, कुंभार समाजाची, सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणारी. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची फिर्याद तिने दिली. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवतील कसे, असला तर्क तेव्हा चालला. तिच्या प्रकरणातून १९९७ चे विशाखा निर्देश आले, त्यातून २०१३ चा कायदा. आज काचेच्या इमारतींत तक्रार समितीचे फलक लागतात ते तिच्यामुळे. त्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समितीही नेमायची आहे, घरकामगार बाई तिथे जाऊ शकते. आमच्या त्या आईला हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं, आणि आम्ही स्वतःला संविधानाचे प्रचारक म्हणवतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. जयंतीच्या प्रत्येक भाषणात आम्ही तो सांगतो आणि रोख दुसऱ्यांच्या नेत्यांकडे ठेवतो. शाहीर, वक्ते, विचारवंत, नेते, यांना आम्ही काय केलं आहे? त्यांच्या हारांचा खर्च पाहिला तरी उत्तर मिळतं. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या नावाचं मंडळ आमचं, आणि कार्यकारिणीत बायका किती? दोन. त्याही खिरीच्या नियोजनाला.

कुणी म्हणेल, मग काय, आरोप झाला की माणूस संपवायचा? नाही. ऐकायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही ऐकायचं, पण त्याच्या गाण्याचा आणि देणग्यांचा हिशेब त्यात धरायचा नाही. २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने प्रिया रमाणी यांना एम. जे. अकबर यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यातून निर्दोष सोडताना म्हटलं की बाई आपली तक्रार दशकांनंतरही, तिला हव्या त्या ठिकाणी मांडू शकते. आम्हाला त्यापेक्षा फार थोडं करायचं होतं. आठ दिवसांनी, आमच्याच विहारात आलेल्या पोरीला बसायला सतरंजी द्यायची होती.

ती नंतर आली नाही. शिक्षण पूर्ण केलं, दुसऱ्या शहरात नोकरी करते असं कळतं. आईला आम्ही गेल्या महिन्यात भेटलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण ‘पोरीला सांगते’ असं काही म्हणाल्या नाहीत, आणि आम्ही नंबरही मागितला नाही.

या वर्षीच्या जयंतीच्या बैठकीत शाहिरांचं नाव पुन्हा आलं. आम्ही विरोध केला आणि कारण सांगितलं, पोरीचं नाव न घेता. मोठा गोंधळ झाला. ‘इतकी वर्षं तुम्ही गप्प का होता?’ असं एका तरुण पोराने आम्हाला विचारलं, आणि हा प्रश्न योग्य माणसांना विचारला गेला याचं आम्हाला बरं वाटलं. आम्ही दोन ठराव मांडले आहेत : मंडळाची तक्रार समिती, त्यात अर्ध्याहून जास्त बायका आणि एक बाहेरची वकील, आणि तोवर शाहिरांचा कार्यक्रम नाही. मंडळाला तो कायदा लागतो की नाही यावर खजिनदारांनी अर्धा तास घेतला. लागत नसेल तरी समिती करायला कुणाची मनाई आहे?

ठराव पुढच्या रविवारवर ढकलले आहेत. शाहिरांची सुपारी अजून दिलेली नाही.

जय भीम.