काळ्या पाषाणाचं देणं

मंठा तालुक्यातल्या आमच्या गावाहून लोणार जवळ. जिल्हा मात्र बुलढाण्याचा. आमची माणसं तिथं जायची ती नवरात्रात कमळजादेवीला आणि धारेवर आंघोळीला. विष्णूनं लवणासुराला मारलं ती ही जागा, हे घरोघरी ठाऊक होतं. त्यापुढचं लोणार मला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी दाखवलं.

माझे वडील विहिरींच्या कामावर सुरुंग लावायचे. माती, मुरूम, मग काळा पाषाण, हा क्रम त्यांना हातानं कळायचा. गुरुजी एकदा विहिरीच्या काठावर येऊन बसले आणि वडिलांना विचारून विचारून तो क्रम वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तोच काढला आणि म्हणाले, "हे याच्या वडिलांनी मला शिकवलं." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बापाला त्यांनी गुरू केलं. माझं खरं ऋण हे.

त्याच पाषाणावरून ते लोणारकडे वळले. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल असा हा खळगा. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 साली त्याची नोंद केली. पुढं दीडशे वर्षं ज्वालामुखी की उल्का, हा वाद चालला. 1973 साली निकाल लागला. तळ्याखाली खोल छिद्रं घेऊन काढलेल्या पाषाणात मास्केलिनाइट सापडलं: प्रचंड दाबानं स्फटिकाची झालेली काच. "तुझ्या वडिलांच्या सुरुंगानं पाषाण फुटतो, पण अशी काच होत नाही," गुरुजी म्हणाले. "ज्वालामुखीतही एवढा दाब नसतो. तो उल्केच्या आघाताचाच."

पुढं वाचनात आलं, की हे मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते 1865 साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या दगडात, आणि तो दगड मंगळावरून आलेला. मंगळावरची कितीतरी विवरं अशाच काळ्या पाषाणात आहेत; पृथ्वीवर तशी फार थोडी. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. आमच्या विहिरीतला पाषाण त्याच जातीचा, हे कळलं तेव्हा वडिलांच्या कामाचा मोठेपणा मला नव्यानं उमगला.

सहलीत गुरुजी एकही दगड उचलू देत नसत. दगड जागेवर असला तरच साक्ष देतो, असं सांगत. 2020 मध्ये लोणार रामसर स्थळ झालं, ते पाहायला गुरुजी नव्हते. आता मी मुलांना तिथं नेतो. निघण्याआधी प्रत्येकानं घरच्या माणसाकडून आपल्या शेतातल्या मातीबद्दल, दगडाबद्दल काहीतरी शिकून यायचं, असा माझा नियम आहे. गुरुजींचं देणं मी असं फेडतो.