उर्दूवर आलेला आळ

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले. माझा लॅपटॉप २०१६ सालचा, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज ११ त्याला पात्र मानेना. नवा घ्यावा, तर लेकीची फी समोर उभी आणि जुन्याचे हातपाय धडधाकट. भाच्याने एका रविवारी त्यावर लिनक्स टाकून दिलं. "खाला, अब देखो कैसे दौड़ता है." खरंच धावायला लागला.

चौथ्या दिवशी स्क्रीन गोठली. मी अब्बांच्या उर्दू डायऱ्या टाईप करून शेजारी मराठी अनुवाद लिहीत होते. बाण हलेना, अक्षर उमटेना. बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद केला. अर्धं पान गेलं. मग हे रोजचंच झालं. आणि दरवेळी तीच फाईल! गुणपत्रकांवर दोन-दोन तास बसले तरी काही नाही. डायरी उघडली की अर्ध्या तासात स्क्रीन दगड.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, हे उर्दू-बिर्दू टाकलंय ना, त्यानेच होत असणार. नाहीतर पॅनेल गेलंय, साडेचार हजार." मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझाही संशय तिथेच होता. नस्तालिक तिरकी उतरत जाते, अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलतात. यंत्राला जड जात असेल, असं मीच मनाशी धरलेलं. घरी येऊन उर्दू कीबोर्ड काढला, फॉन्टही काढला. वीस वर्षं उर्दू शिकवणारी बाई मी!

दोन दिवस फक्त मराठी अनुवाद लिहिला. तिसऱ्या दिवशी स्क्रीन पुन्हा गोठली.

या वेळी बटणाला हात लावला नाही. लावलेली कव्वाली चालूच होती. कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागत होता, विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं, फक्त चित्र अडकलं होतं. मग लॅपटॉप बंद करून सुरू करतानाच बायॉसमध्ये गेले आणि तो निळा पडदा अर्धा तास तसाच ठेवला. बायॉसमध्ये लिनक्स सुरूच झालेलं नसतं. पडदा स्थिर राहिला. म्हणजे पॅनेलही ठीक. साडेचार हजार वाचले.

मग आठवलं, गोठताना मी 'ग़ैरत' या शब्दावर अडले होते. स्वाभिमान लिहावं की लाज? बोटं थांबलेली. गुणपत्रक भरताना बोटं थांबत नाहीत. पुढच्या वेळी वहीत नोंद ठेवली: पाचही वेळा मी विचार करत बसलेली.

भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल'ने आधीच्या सत्राची नोंद काढायला लावली. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हर 'आय ९१५'चंच नाव पुन्हापुन्हा. पडद्यावर काही हलत नसलं, की वीज वाचवायला पडद्याला स्वतःच्याच स्मृतीतलं चित्र दाखवत ठेवायचं, अशी एक सोय असते. तिला पीएसआर म्हणतात. माझ्या जुन्या लॅपटॉपचं त्या सोयीशी जमेना. झोपवलेलं चित्र उठतच नव्हतं. ग्रबच्या फाईलमध्ये, लिनक्स सुरू होतानाच्या सूचनांत, 'आय ९१५ डॉट एनेबल अंडरस्कोर पीएसआर' बरोबर शून्य एवढं जोडलं, 'अपडेट-ग्रब' चालवलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. बॅटरी थोडी लवकर उतरते, उतरू दे. तीन आठवडे झाले, एकदाही गोठला नाही.

उर्दू कीबोर्ड त्याच रात्री परत बसवला. फॉन्ट बसवताना उगाच ओशाळल्यासारखं झालं.

अब्बांना हे सगळं सांगितलं. ते हसले. "सोचने बैठे तो बंद पड़ता था? बड़ा समझदार है." मग 'ग़ैरत'चं विचारलं. म्हणाले, "गैरत को गैरतच लिख, बेटा. नीचे मतलब दे दे."

मला ते पटलेलं नाही. पान अजून तिथेच उघडं आहे.