चार लिटर राखाडी रंग

मे महिन्यात मूलला सकाळी नऊनंतर कोणी लोखंडाला हात लावत नाही. आम्ही मात्र याच महिन्यात अब्बांची जीप रंगवायला काढली. शाळेला सुट्टी तेव्हाच असते आणि एकदा मृग लागला की रंग धड वाळत नाही. शिवाय नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत दाखवून नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि गंजून चाळण झालेली गाडी घेऊन चंद्रपूरला जाणार कोण?

भंगारवाला ४० हजार द्यायला तयार होता. मुलीच्या नर्सिंगची फी समोर होती. अब्बा एवढेच म्हणाले, "तुमची मर्जी." ते असे म्हणतात तेव्हा त्यांची मर्जी काय असते, हे आम्हाला ठाऊक आहे. फीचे दोन हप्ते करून घेतले.

या जीपने आमचे घर चालवले. सावली, व्याहाड, गोंडपिपरी, रस्ते कोरडे असले तर पार चामोर्शीपर्यंत अब्बा आठवडी बाजारात तयार कपडे नेत. तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की जंगलातल्या गावांत गिऱ्हाईक असे, नाहीतर उधारी. उजव्या दारावरचा पोचा सागाच्या ओंडक्याचा आहे, आणि तो का बुजवायचा नाही हे अब्बांनी दोनदा सांगितले.

गाडी महिंद्राची. ही कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आपल्या घरांतही फार थोड्यांना माहीत असेल. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. बाकी अब्बांना नावाशी देणेघेणे नाही, त्यांच्या लेखी ती 'गाडी'.

गॅरेजमध्ये स्प्रेने रंगवायचे २५ हजार सांगितले. आमच्याकडे ६ हजार होते. त्यातले १८०० पायाखालच्या पत्र्यातच गेले. रबरी मॅटखाली वर्षानुवर्षांचा चिखल ओल धरून बसला होता, मॅट उचलली तर खालची जमीन दिसली. वेल्डिंगवाल्याने दोन ठिगळे मारली. पुढचे सगळे घरीच. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पॉलिश पेपरने घासायचे, खड्ड्यांत पुट्टी भरायची, मग रेड ऑक्साइड आणि वर इनॅमलचे तीन पातळ हात, ब्रश आणि छोट्या रोलरने. घासकाम कमी केले तर महागडा रंगही पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून आठ दिवस नुसते घासत होतो.

मुलाला लष्करी हिरवा हवा होता. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ तसे सांगतो. आणि दुसरा कुठला रंग द्यायचा तर नोंदणीच्या कागदावरही बदल करून घ्यावा लागतो. आमच्या कागदावर राखाडी आहे. चार लिटर राखाडीच आणला.

फजरनंतर सुरू करून साडेआठला थांबायचे. ऊन चढले की ब्रश ओढला जातो. शेजारच्या राइस मिलमधून वारा आला की ओल्या बॉनेटवर कोंडा, म्हणून भोवती जुन्या चादरी बांधल्या. एक चूक आमचीच. टर्पेंटाइन संपले तेव्हा घरात पडलेला दुसऱ्या रंगाचा थिनर घातला. दहा मिनिटांत डाव्या मडगार्डवर म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या. ते सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

त्याहून वाईट मागच्या फळीवर झाले. तिथे जुन्या पेंटरने उर्दूत 'माशाअल्लाह' आणि खाली मराठीत 'हॉर्न द्या' लिहिलेले होते. मुलाने उत्साहात अर्धे घासून टाकले, मग आमच्या लक्षात आले. अब्बा अंगणात आले, बघितले, आत गेले. त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

आम्ही शाळेत वीस वर्षे उर्दू शिकवतो. फळ्यावर अक्षर चांगले येते, पण पत्र्यावर ब्रश धरला तर हात थरथरला. आधी वर्तमानपत्रावर सराव केला, उरलेल्या अर्ध्या अक्षरांचा ट्रेसिंग कागदावर नक्शा घेतला आणि पांढऱ्याने लिहिले. 'शीन' थोडा बसका झाला. मराठी ओळ मुलाने लिहिली, शिक्षा म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच चंद्रपूरला निघालो. अब्बा पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर हात टाकून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाने पिवळे पडलेले जंगल. चिचपल्लीला त्यांनी चहासाठी गाडी थांबवायला लावली. आम्ही चहा सांगेपर्यंत ते मागे जाऊन उभे राहिले. खिशातला रुमाल काढून फळीवरची धूळ पुसली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शीन का जरा पेट निकला है."

गाडी तपासणीत पास झाली. घरी परत येईपर्यंत नव्या रंगावर लाल मातीचा थर बसला होता.