नागपूरचा वैशाख आणि अनवाणी सोबती

नागपूरच्या उन्हाळ्याची ख्याती ज्याच्या कानी नाही असा वाचक विरळा. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी तेथे कोणास त्याचे नवल वाटत नाही. खिडक्यांत वाळ्याचा गंध दरवळतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की ‘नवतपा’ सुरू होतो. खिशात कांदा ठेवल्यावाचून बाहेर पडू नये, असे तेव्हा वडीलधारी माणसे बजावतात. माणसाची अशी काळजी घेतली जाते. परंतु त्याच्यामागून निमूट चालणाऱ्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न ह्या खेपेच्या मुक्कामात आमच्या मनात वारंवार आला.

फुटाळा तलाव भोसल्यांच्या काळचा. त्याच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांत कुत्री घेऊन आलेली मंडळीही पुष्कळ. साडेपाच वाजता पाण्यावरून येणारी झुळूक सुखद असते. आठ वाजण्याच्या सुमारास मात्र सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापू लागतो. आपल्या पायांत जोडे असतात, कुत्रा अनवाणी! हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून सात अंक मोजावे. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर त्या वाटेने कुत्र्यास नेऊ नये. सूर्यास्तानंतरही हा रस्ता बराच वेळ धग सोडीत असतो, म्हणून सायंकाळीही ही परीक्षा चुकवू नये.

कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना काय तो थोडासा सुटतो. धापा टाकून जिभेवरचा व श्वासमार्गातला ओलावा उडवून देणे, हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य उपाय. तोंड करकचून बांधणारी जाळी घातली की तोही खुंटतो. पग, बुलडॉग ह्यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना, तसेच म्हाताऱ्या व लठ्ठ कुत्र्यांना धोका अधिक. त्यांच्या शरीराची उष्णता एरवी १०१ ते १०२·५ अंश फॅरनहाइट असते. ती १०४ च्या पुढे गेली की जिवावरचे संकट ओढवते.

ह्याचा प्रत्यय आम्हांस तेथेच आला. एके सकाळी नऊच्या सुमारास एक तरुण सावकाश स्कूटर चालवीत होता आणि साखळीचा कुत्रा शेजारून धावत होता. एकाएकी तो झोकांड्या खाऊन खाली बसला. जीभ लालभडक, लाळ चिकट, डोळे शून्य. आम्ही त्यास झाडाच्या सावलीत उचलून नेले, अंगावर पाणी ओतीत राहिलो, वर्तमानपत्राने वारा घातला, आणि मग रिक्षातून जवळच सेमिनरी हिल्सवर असलेल्या, १९५८ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात पोहोचविले. आतील इंद्रियांस झालेली इजा काही तासांनीही प्रकट होते. म्हणून कुत्रा उठून बसला तरी वैद्यास दाखविणे टाळू नये. वाटेत तो तरुण पुनःपुन्हा म्हणत होता, “काका, हा मध्ये कुठेच थांबला नाही हो!”

सुदैवाने तो जीव वाचला. पण त्या उद्गाराने आम्ही अंतर्मुख झालो. बैल थकला की जागीच बसतो. कुत्रा मात्र धन्याची पावले चालत आहेत तोवर आपला शीण जाणवू देत नाही. त्याची निष्ठाच येथे त्याची वैरीण होते. तेव्हा थांबावयाचे केव्हा, हे आपणच ठरविले पाहिजे.

एकत्र कुटुंबात कुत्रा सर्वांचा असतो, आणि म्हणूनच त्याचे पाणी पुष्कळदा कोणाचेच काम नसते. पहाटे फिरविणे आजोबांकडे, दुपारी सावलीतले भांडे भरणे मुलांकडे, असे उन्हाळ्यापूर्वीच वाटून द्यावे. फिरावयास निघताना पाण्याची बाटली बरोबर असावी. आणि ज्या दिवशी उकाडा फार, त्या दिवशी फेरी अंगणापुरतीच झाली, तरी तो बिचारा रुसणार नाही.