माझा राग चुकीच्या ऋतूवर होता

मी रत्नागिरीची. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत जाळं टाकायचं नाही; मासळीच्या विणीचे दिवस असतात ते. हे लहानपणीच अंगात मुरलेलं. त्यामुळे अमेरिकेतल्या मिझुरीच्या ओझार्क टेकड्यांत राहायला आल्यावर, इथे रानटर्कीची शिकार एप्रिलमध्ये, ऐन विणीच्या हंगामात होते हे कळलं, तेव्हा मी संतापले. शेजारच्या वयस्कर शिकाऱ्यांना त्यांच्याच घरी जेवताना म्हणाले, "हे पाप आहे." शरदातल्या शिकारीबद्दल मात्र माझी तक्रार नव्हती. तोवर पिल्लं मोठी झालेली असतात, मग काय बिघडलं?

ते रागावले नाहीत. पुढच्या एप्रिलात भल्या पहाटे मला रानात घेऊन गेले. ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. उजाडायच्या आत उंच फांदीवरून नराची गडगडती हाक आली. शेजाऱ्यांनी मादीची साद घातली. एरवी मादी नराकडे जाते. इथे नराला उलट बोलवायचं, म्हणून तो बिचकत येतो. त्या दिवशी आलाच नाही. वाट पाहताना ते हळू आवाजात सांगत होते.

हिवाळ्यात नर आणि माद्या वेगळ्या थव्यांत राहतात, वसंतात ते थवे फुटतात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी उबवण्यात, पिल्लं वाढवण्यात त्याचा वाटा नसतो. मादी जमिनीवरच दहा-बारा अंडी घालते, 28 दिवस उबवते. बहुतेक माद्यांचं मीलन उरकलेलं असेल, अशा बेताने हंगामाची तारीख ठरते. शिवाय वसंतात छातीवर दाढीसारखा झुपका असलेलाच पक्षी मारता येतो, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच. इथून संपत आलेला हा पक्षी पुन्हा वाढवल्यावर 1960 साली शिकार सुरू झाली, तीही वसंतातलीच. शरदातली कितीतरी वर्षांनी आली, आणि तिच्यात मादीही मारायची मुभा आहे. ओकफळं टिपायला जमलेल्या थव्यातली एक मादी गेली, की पुढच्या वसंतातलं तिचं घरटंही गेलं.

त्यानंतरचे जून मी डोळ्यांनी पाहिले. पहिले जवळपास दोन आठवडे पिल्लांना उडून झाडावर बसता येत नाही. ती जमिनीवर आईच्या पंखाखाली झोपतात. गवतातल्या किड्यांवर वाढतात. एका वर्षी गारठ्याच्या पावसाआधी आईमागे नऊ पिल्लं होती, पावसानंतर तीन. त्या तिघांना जगवणारी ती एकटी आई होती.

कोकणातला नियम खोटा ठरला नाही. त्याचा गाभा आई वाचवण्याचा आहे, हे मला इतक्या दूर येऊन कळलं. शेजाऱ्यांची मी माफी मागितली. त्यांनी शरदातली शिकार केव्हाच सोडली होती; मी कधी विचारलंच नव्हतं.

बंदूक मी आजही हातात धरत नाही. पण एप्रिलात बार ऐकू आला, तर आता खिडकी लावून घेत नाही. ऑक्टोबरात ऐकू आला, की काळजात धस्स होतं.