ओसरी आणि माजघर

परवा मावशीचा फोन आला. "अगं, ताईच्या पाककृतींची नावं दिसतात, पण सांदणांवर टिचकी मारली तर खाली कोरं!"

आई गेली त्या वर्षी, म्हणजे 2012 मध्ये, तिची वही मी टाइप केली होती. प्रत्येक पदार्थाची वेगळी टेक्स्ट फाइल, आणि वर एक एचटीएमएल पान. नावावर टिचकी मारली की जावास्क्रिप्ट त्याच फोल्डरमधली फाइल वाचून दाखवणार. माझ्या फायरफॉक्सवर तेव्हा मस्त चालायचं. तोच फोल्डर नातवाने मावशीच्या नव्या लॅपटॉपवर टाकला. तिथे क्रोम. तो शेजारची फाइल वाचूच देईना.

क्रोम सुरू करताना एक जादा सूचना जोडली की हा अडसर निघतो. नातवाला तेच सांगणार होते, पण थांबले. मावशीच्या पेन्शनचे, बँकेचे सगळे कागद त्याच लॅपटॉपवर. उद्या मेलमधून आलेलं एखादं पान तिने उतरवून उघडलं, तर ते हे कागद वाचून परस्पर बाहेर धाडेल. फायरफॉक्समध्ये अशीच फट होती, उतरवलेलं पान त्याच फोल्डरमधल्या इतर फाइली वाचू शकायचं. 2019 साली 68व्या आवृत्तीत ती बुजवली. माझं पान इतके दिवस त्याच फटीतून चाललं होतं की!

आजोळी आल्यागेल्याला ओसरीवर गूळपाणी मिळायचं. माजघरात मात्र कुणी थेट शिरत नसे. काही हवं असलं तर आजी आतून आणून द्यायची. ब्राउझरचंही तसंच. पानाने फाइल मागायची, आपण निवडून द्यायची. ती कुठल्या फडताळातून काढली हेही पानाला कळत नाही. खऱ्या पत्त्याच्या जागी त्याला 'फेकपाथ' असं खोटंच नाव मिळतं!

मग रात्री बसून सगळ्या पाककृती त्या एकाच पानात घातल्या. स्वतःच्या पोटातलं दाखवायला पानाला कुणाची परवानगी लागत नाही.

सकाळी पुन्हा फोन. "दिसली गं! पण गूळ दीड वाटी लिहिलायस. ताई एकच घालायची."

आईची वही काढून पाहिली. एकच होता. इतकी वर्षं ती चूक माझ्या फोल्डरमध्ये तशीच पडून होती.

असो. गूळ दुरुस्त केलाय. आता एकदा सांदणं करायला हवीत.