बिबट्या आणि आमचा गोल्फ

गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ, असं आपल्याकडं समजतात. बेळगावात आम्ही चौघं निवृत्त माणसं जुन्या स्टिका घेऊन खेळायचो. दोघं मराठी, दोघं कानडी. सीमाप्रश्नावरचा वाद पहिल्या होलपर्यंतच! या खेळात आमच्यामागं पंच फिरत नाही. झाडीत किती फटके लागले, ते ज्याचं त्यानं सांगायचं. बँकेत आयुष्य गेलेल्या मला हे फार भावलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात बिबट्यानं एका मजुरावर हल्ला केला. पुढं तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसला. आसपासच्या शाळा बंद झाल्या. शिमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, तरी तो काही सापडला नाही. गावभर विनोद सुरू झाले. पण आमच्यातल्या एकाची बायको त्याच उन्हाळ्यात गेलेली. घराबाहेर पडायला त्याला गोल्फ हेच निमित्त उरलं होतं.

मग आम्हीच त्याच्या घरी जमू लागलो. हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि पुट मारायचे. आठ दिवस तो नुसता बघत बसला. नवव्या दिवशी म्हणाला, "हात किती हलतोय की रे तुझा! दे इकडं."

चेंडू पेल्याला घासून गेला. दुसऱ्यांदा आत पडला, टण्णकन.

आम्ही टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "टाळ्या राहू देत. दोन लिहा."

आता गुडघ्यांमुळं नऊच होल खेळतो. पण सकाळी पहिला फोन त्याचाच येतो.